साठ जागांतून आठ निवडताना: सर्व्हर कुठे ठेवायचे याचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्व्हर ठेवता येतील अशी ६० डेटा सेंटर्स समोर आहेत, वापरकर्ते साधारण २०० शहरांत विखुरलेले आहेत आणि बजेट आठ ठिकाणांपुरतंच आहे. प्रश्नकर्त्याने शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन के-मीन्स (जवळजवळच्या बिंदूंचे गट करून प्रत्येक गटाचं केंद्र काढणारी पद्धत) चालवलं, आठ केंद्रं काढली आणि प्रत्येक केंद्राच्या सगळ्यात जवळचं डेटा सेंटर निवडलं. आता जेनेटिक अल्गोरिदम (अनेक उत्तरांची सरमिसळ करत चांगली टिकवत जाणारी अंदाजी पद्धत) वापरला तर उत्तर आणखी सुधारेल का, असं त्यांचं विचारणं आहे.

या सगळ्यात अल्गोरिदमचा भाग मला सगळ्यात सोपा वाटतो. ६० मधून ८ निवडण्याचे सुमारे २५६ कोटी प्रकार होतात हे खरं, पण इंटिजर प्रोग्रॅमिंगच्या सॉल्व्हरला (हो-नाहीचे निर्णय पूर्णांकांत मांडले की सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते एकेक करून तपासावे लागत नाहीत. ६० जागा आणि २०० शहरं हा आकार त्याच्यासाठी लहान आहे. साध्या लॅपटॉपवर, बहुतेक वेळा काही सेकंदांत ते काही मिनिटांत, अचूक उत्तर मिळतं, आणि याहून चांगलं उत्तर नाहीच याचा पुरावाही सोबत मिळतो. जेनेटिक अल्गोरिदम हा पुरावा देत नाही. तेव्हा या आकाराला त्याची गरज नाही. अवघड काम त्याआधीचं आहे: 'चांगली जागा' म्हणजे नेमकं काय, हे मॉडेलला आकड्यांत सांगणं. तिथे चूक झाली की सॉल्व्हर चुकीच्या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर देतो.

आधी के-मीन्स इथे का बसत नाही ते सांगते. ते अंतराचा वर्ग कमी करतं, त्यामुळे लांबची थोडी शहरं केंद्राला आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त ओढतात. ते केंद्र कुठेही पडू शकतं, समुद्रातही, आणि मग 'जवळचं डेटा सेंटर' घेताना जी तडजोड होते तिचा हिशोब कुठेच राहत नाही. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर जेवढा लांब असतो त्याच्या निम्माच ६० अंश अक्षांशावर भरतो, म्हणजे अंशांत मोजलेलं अंतर मुळात अंतरच नाही. हे सगळं दुरुस्त केलं तरी शेवटी उरतं ते नकाशावरचं अंतर, आणि वापरकर्त्याला नकाशा जाणवत नाही, उशीर जाणवतो.

प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. ही खालची मर्यादा झाली. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि दोन नेटवर्क एकमेकांना कुठे भेटतात यावर बरंच काही ठरतं. एकाच शहरातल्या दोन इंटरनेट कंपन्यांपैकी एक त्याच शहरातल्या एक्स्चेंजवर (नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या जागी) तुमच्या डेटा सेंटरशी जोडलेली असते आणि दुसरीचा ट्रॅफिक शेकडो किलोमीटर फिरून परत येतो, हे मी कामात वारंवार पाहिलंय. म्हणून मी मागणीचा घटक 'शहर' असा धरत नाही, 'शहर आणि नेटवर्क' अशी जोडी धरते. तुमच्या तक्त्यातल्या २०० ओळींच्या कदाचित ६०० होतील. होऊ द्या.

हे आकडे मोजूनच घ्या. शक्य असेल तर प्रत्येक संभाव्य ठिकाणी आठवडाभर एक छोटी व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्या आणि तुमच्या खऱ्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरकडून पडद्यामागे एक लहानशी फाइल मागवून वेळ नोंदवा. ते जमत नसेल तर राइप ॲटलससारखं मोजमापाचं खुलं जाळं आहे. पिंगपेक्षा (सर्व्हर उत्तर देतो का हे पाहणाऱ्या छोट्या चाचणीपेक्षा) टीसीपी कनेक्शन, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी, जुळायला लागणारा वेळ मोजलेला बरा, कारण पिंगच्या पॅकेट्सना काही राउटर मुद्दाम मागे ठेवतात. दिवसाच्या सगळ्या वेळांचे नमुने घ्या. या मॅट्रिक्सवर, म्हणजे प्रत्येक शहर-नेटवर्क आणि प्रत्येक जागा यांच्यातल्या वेळांच्या तक्त्यावर, घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

आता उद्दिष्ट. इथे मात्र 'परिस्थितीवर अवलंबून' असं म्हणावंच लागतं, पण कशावर अवलंबून ते एका छोट्या उदाहरणाने दाखवता येईल. चार शहरं घ्या: क मध्ये ५०% वापरकर्ते, ख मध्ये ३०%, ग मध्ये १५%, घ मध्ये ५%. सर्व्हरसाठी तीन जागा: प, फ आणि ब. जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद असे:

प पासून: क १०, ख ४०, ग ६०, घ १४०
फ पासून: क ३५, ख १०, ग ५०, घ १३०
ब पासून: क ७०, ख ६०, ग ४०, घ ३०

दोन जागा निवडायच्या आहेत. भारित सरासरी कमीत कमी करा असं सांगितलं, तर उत्तर येतं प आणि फ: सरासरी २२, पण घ ला १३० सहन करावे लागतात. सगळ्यात वाईट अनुभव कमीत कमी करा असं सांगितलं, तर प-ब आणि फ-ब या दोन्ही जोड्या ४० वर येतात, आणि त्यांतली प-ब सरासरीतही सरस आहे: २४.५ विरुद्ध २८. आता पाहा, सरासरीचे फक्त अडीच मिलिसेकंद सोडले की सगळ्यात वाईट आकडा १३० वरून ४० वर येतो. सरासरीवर चालणाऱ्या मॉडेलला हे दिसतच नाही, कारण घ चं वजन ५% आहे.

पहिल्या उद्दिष्टाला पी-मीडियन म्हणतात, दुसऱ्याला पी-सेंटर. दोन्ही प्रश्न जुने आहेत. हकीमी या संशोधकांनी १९६४ आणि १९६५ मध्ये ते ग्राफवर (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यावर) मांडले तेव्हा त्यांच्यासमोर टेलिफोनची स्विचिंग सेंटर्स कुठे ठेवावीत हाच विषय होता, म्हणजे आपलाच प्रश्न. माझ्या अनुभवात या दोन्हींपैकी एकही एकटं वापरू नये. पी-सेंटर एका कोपऱ्यातल्या मोजक्या वापरकर्त्यांसाठी सगळ्यांची निवड वाकवतं. पी-मीडियन त्या कोपऱ्याला विसरून जातं. मी सरासरी कमी करायला सांगते आणि वर एक अट घालते: 'किमान ९५% वापरकर्ते ५० मिलिसेकंदांच्या आत असले पाहिजेत.' ही अट लिहायला अवघड वाटते, पण ती सरळ रेषीय, म्हणजे साध्या बेरजेची, आहे: ज्या जोड्यांचा आकडा ५० च्या आत आहे त्यांच्या वजनांची बेरीज ०.९५ किंवा जास्त, एवढंच. मग ५० च्या जागी ४०, ६०, ८० घालून प्रत्येक वेळी सरासरी किती बिघडते याचा आलेख काढायचा. निर्णय घेणाऱ्यांसमोर एका उत्तराऐवजी हा आलेख ठेवला की चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

सेवा कोणती आहे यावर वजनंही बदलतात. लहान-लहान विनंत्यांची सेवा असेल तर विनंत्यांची संख्या मोजा; व्हिडिओ असेल तर बाइट्स, कारण तिथे बँडविड्थचा खर्च मोठा असतो. नवीन कनेक्शन्स जास्त असतील तर हेही लक्षात घ्या की टीसीपीची जोडणी, टीएलएस १.३ ची सुरक्षित जोडणी आणि मूळ विनंती मिळून पहिलं उत्तर यायला तीन फेऱ्या लागतात, म्हणजे १३० चे थेट ३९० होतात. शिवाय उशिराचा त्रास सरळ प्रमाणात वाढत नाही: २० चे १० झाले तर फारसं कुणाला कळत नाही, २०० चे १०० झाले तर सगळ्यांना कळतं. अशा वक्र दंडाने मॉडेल अवघड होईल अशी भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. प्रत्येक शहर-जागा जोडीचा दंड तुम्ही आधीच काढून मॅट्रिक्समध्ये ठेवता, तेव्हा तो वर्ग असो, पायऱ्या असोत की आणखी काही, सॉल्व्हरसाठी तो निव्वळ एक आकडा असतो. आपल्या व्यवसायाला खरोखर जो उशीर दुखतो तोच तिथे लिहा.

मांडणी आता सोपी आहे. प्रत्येक जागेसाठी एक चल य, उघडली तर १, नाही तर ०. प्रत्येक शहर-जागा जोडीसाठी एक चल क्ष, म्हणजे त्या शहराचा किती हिस्सा त्या जागेकडे जातो. प्रत्येक शहराच्या क्ष ची बेरीज १. सगळ्या य ची बेरीज ८. बंद जागेकडे कुणी जाऊ नये म्हणून प्रत्येक जोडीसाठी क्ष ≤ य. एकूण ६० य आणि १२,००० क्ष.

यातली शेवटची अट कशी लिहिता याला फार महत्त्व आहे. ओळी वाचवायच्या म्हणून अनेक जण १२,००० ऐवजी ६० च ओळी लिहितात: त्या जागेच्या सगळ्या क्ष ची बेरीज ≤ २०० × य. पूर्णांकांत दोन्हींचा अर्थ एकच. पण सॉल्व्हर आधी य ला ०.१ किंवा ०.३ असे अपूर्णांक चालतील असं धरून सोपा प्रश्न सोडवतो आणि त्यावरून खालची मर्यादा ठरवतो. दुसऱ्या मांडणीत ज्या जागेकडे तीन शहरं जातात ती फक्त ३/२०० उघडली तरी भागतं. म्हणजे साठच्या साठ जागा किंचित उघड्या ठेवून प्रत्येक शहर आपल्या सगळ्यात जवळच्या जागेकडे जातं, आणि सगळे य मिळून लागतात फक्त १. आठची मर्यादा कुठे आड येतच नाही. ती खालची मर्यादा निरुपयोगी ठरते आणि सॉल्व्हर तासन्तास शक्यतांच्या फांद्या फोडून तपासत बसतो. पहिल्या मांडणीत हीच मर्यादा खऱ्या उत्तराला बहुतेक वेळा अगदी चिकटून असते. 'सॉल्व्हर अडकला' अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी ही ओळ बघते.

हाय्स (HiGHS) आणि सीबीसी (CBC) हे फुकट सॉल्व्हर या आकाराला पुरतात.

आता क्षमता. प्रत्येक ठिकाणी किती ट्रॅफिक झेपतो ही मर्यादा घातली की मॉडेल शहरांचे तुकडे करू लागतं: अमुक शहराचा ३०% इकडे, ७०% तिकडे. डीएनएसमधून (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) तुम्ही खरोखर तसं वाटप करू शकत असाल तर ठीक. एनीकास्ट (सगळ्या ठिकाणांना एकच पत्ता) वापरत असाल तर मात्र वापरकर्ता कुठे जाईल हे बीजीपी, म्हणजे नेटवर्कांमधले मार्ग ठरवणारी यंत्रणा, ठरवतं, तुमचं मॉडेल नाही. तेव्हा प्रत्येक शहर-नेटवर्कसाठी जागांचा पसंतीक्रम लिहा, लेटन्सीप्रमाणे (उशिराप्रमाणे) नव्हे तर रूटिंगप्रमाणे (ट्रॅफिक ज्या मार्गाने जातो त्याप्रमाणे), आणि अट घाला: एखादी जागा उघडी असेल तर त्या क्रमात तिच्या खालच्या कुठल्याही जागेकडे हे शहर जाणार नाही. ही अटही रेषीयच आहे. ती विसरली तर कागदावर सुरेख वाटप दिसतं आणि प्रत्यक्षात एक ठिकाण भरून वाहतं, दुसरं रिकामं राहतं.

क्षमता शंभर टक्के धरू नका. रांगेच्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये, म्हणजे एम/एम/१ मध्ये, उत्तराला लागणारा वेळ ८०% वापरावर मूळ कामाच्या वेळेच्या ५ पट होतो, ९०% वर १० पट. हा वक्र मॉडेलमध्ये घालायचा खटाटोप मी करत नाही. वापर ७०% च्या आत राहील अशी सरळ मर्यादा घालते आणि नंतर सिम्युलेशनने तपासते. वेगवेगळ्या टाइमझोनमधली शहरं असतील तर मर्यादा तासागणिक घाला. सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही, आणि दिवसभराचे कमाल आकडे बेरजेला घेतले तर विनाकारण जास्त सर्व्हर विकत घ्याल.

यानंतरचा मुद्दा बहुतेक मॉडेल्समध्ये नसतोच: एक ठिकाण बंद पडलं तर? वरच्या उदाहरणाकडे परत या. प-ब ही जोडी छान दिसत होती. तिच्यात क आणि ख, म्हणजे ८०% वापरकर्ते प कडे जातात आणि २०% ब कडे. प बंद पडलं की सगळे ब वर येतात, सरासरी ६०.५ होते, आणि एरवी पाचवा हिस्सा सांभाळणाऱ्या ब ला अचानक पाचपट भार घ्यावा लागतो. तेवढे सर्व्हर तिथे एरवी रिकामे ठेवायला लागतील. प-फ मध्ये दोन्हीकडे ५०-५०, म्हणजे कुणी एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर भार दुप्पटच होतो, आणि प बंद पडल्यावर सरासरी ३४.५ राहते. घ चे १३० मात्र तसेच. तर मग कोणती जोडी चांगली? ते रिकाम्या सर्व्हरची किंमत आणि घ मधल्या वापरकर्त्यांची किंमत यावर ठरतं, आणि ती तुलना मॉडेलमध्ये उघडपणे लिहिलेली असली पाहिजे.

करायचं कसं? प्रत्येक शहराला एक मुख्य आणि एक पर्यायी जागा द्या. पर्यायी जागेच्या लेटन्सीला कमी वजन देऊन उद्दिष्टात धरा. क्षमतेची अट मात्र प्रत्येक 'ही जागा बंद' या प्रसंगासाठी वेगळी लिहा. मॉडेल बरंच मोठं होतं, पण अजूनही सुटतं. आणखी एक गोष्ट: एकाच वीजपुरवठ्यावर किंवा एकाच केबलमार्गावर असलेली दोन ठिकाणं नकाशावर दोन असली तरी बिघाडाच्या हिशोबाने एकच आहेत. अशा गटातली एकच निवडा, किंवा निदान मुख्य आणि पर्यायी एकाच गटात येऊ देऊ नका.

तुमचे सर्व्हर फक्त कॅश (आधीच्या उत्तरांच्या प्रती जवळ ठेवणारे) असतील तर एवढं पुरे. पण प्रत्येक विनंती मुख्य डेटाबेसला गाठत असेल तर वापरकर्त्याजवळचा सर्व्हर फारसं काही सुधारत नाही, कारण पुढचा लांबचा प्रवास उरतोच. त्या वेळी खर्चाच्या आकड्यात 'वापरकर्ता ते सर्व्हर' आणि 'सर्व्हर ते डेटाबेस' या दोन्हींची बेरीज हवी, आणि डेटाबेस कुठे हेही चल म्हणून घ्यायला हवं. बहुमताने लिहिणाऱ्या डेटाबेसच्या तीन प्रती असतील तर प्रत्येक लेखन लीडरला (लेखन स्वीकारणाऱ्या मुख्य प्रतीला) सगळ्यात जवळच्या दुसऱ्या प्रतीइतकं थांबतं. पाच असतील तर जवळच्या दोघांपैकी लांबच्या प्रतीइतकं. तीन प्रतींच्या मांडणीत तिसरी प्रत कितीही लांब ठेवली तरी लेखनाचा रोजचा वेग तोच राहतो, पण जवळची प्रत बंद पडली की ते अंतर एकदम अंगावर येतं.

प्रश्नकर्त्याचा आकार उद्या हजारो जागांपर्यंत गेला तर काय, हेही सांगते. पी-मीडियन हा प्रश्न एनपी-हार्ड आहे (मोठ्या आकाराला नेहमी झटपट अचूक उत्तर देणारी पद्धत माहीत नाही), हे करीव आणि हकीमी यांनी १९७९ मध्ये दाखवलं. तेव्हा एका टप्प्यानंतर अंदाजी पद्धती लागतातच. मी तिथेही जेनेटिक अल्गोरिदमकडे न वळता अदलाबदलीची पद्धत घेते, जी टाइट्झ आणि बार्ट यांनी १९६८ मध्ये मांडली: एक उघडी जागा बंद करा, एक बंद उघडा, सुधारलं तर ठेवा, आणि सुधारणा थांबेपर्यंत चालू ठेवा. आठ उघड्या आणि ५२ बंद असतील तर एका फेरीत ४१६ च अदलाबदली तपासायच्या. अशी पद्धत सर्वोत्तमाच्या जास्तीत जास्त पाचपट खर्चावर थांबते, अशी सैद्धांतिक हमी आहे आणि प्रत्यक्षात ती त्याहून फार चांगली चालते. मात्र ही हमी त्रिकोणाची असमानता पाळणाऱ्या अंतरांसाठी आहे. इंटरनेटवरच्या लेटन्सी ती पाळत नाहीत; क वरून ग ला थेट जाण्यापेक्षा ख मार्गे लवकर पोचणं हे तिथे नेहमीचं आहे. म्हणून हमीवर विसंबू नका, सोप्या केलेल्या रेषीय प्रश्नाची खालची मर्यादा काढा आणि तुमचं उत्तर तिच्यापासून किती टक्के लांब आहे ते पाहा.

आणि 'आठ' हा आकडा कुठून आला, हे एकदा बजेट ठरवणाऱ्यांना विचारा. मॉडेल ४ पासून १२ पर्यंत प्रत्येक संख्येसाठी चालवा. बऱ्याचदा सहाव्या-सातव्या जागेनंतर वक्र सपाट होतो आणि उरलेला पैसा आहे त्या ठिकाणी आणखी एका नेटवर्कशी थेट जोडणी घेण्यात जास्त कामी येतो. कधी नेमकं उलट दिसतं आणि नववी जागा मागायला तुमच्याकडे ठोस कारण असतं.

सॉल्व्हरकडून एकच उत्तर घेऊ नका. पहिलं उत्तर आलं की 'या आठांपैकी जास्तीत जास्त सात' अशी अट वाढवून पुन्हा चालवा, आणि असं करत सर्वोत्तमाच्या एक-दोन टक्क्यांतली दहा-पंधरा उत्तरं गोळा करा. त्या सगळ्यांत पाच-सहा जागा सामायिक असतात असं बहुधा दिसेल. त्या डोळे झाकून घ्या. उरलेल्या दोन-तीन जागांबाबत करार, वीज, तिथल्या तंत्रज्ञांचा अनुभव अशा मॉडेलबाहेरच्या गोष्टींवर निर्णय घ्यायला तुम्ही मोकळे आहात, कारण गणिताच्या दृष्टीने तिथे फारसा फरक पडत नाही.

आठही ठिकाणं एकाच दिवशी सुरू होत नाहीत, त्यामुळे क्रमही ठरवा. सामायिक जागांपासून सुरुवात करा, दोन उघडल्या की खऱ्या ट्रॅफिकवर मॅट्रिक्स पुन्हा मोजा, उघडलेल्या जागांचे य १ वर पक्के करा आणि उरलेल्या सहांसाठी मॉडेल नव्याने चालवा.